अर्धा अँटेना हातात, अर्धा जमिनीवर : फिरत्या रेडिओ केंद्रासाठी उभ्या अँटेनाची निवड

फिरत्या हौशी रेडिओ केंद्रासाठी विकला जाणारा उभा अँटेना पिशवीतून बाहेर काढला, की हाती येते ती एकात एक बसणाऱ्या नळ्यांची धातूची काठी, एक कॉइल, जमिनीत खुपसायचा खिळा किंवा तिपाई आणि बहुधा वायरींचा एक लहानसा गुंडा. ग्राहकाचे लक्ष साहजिकच काठीकडे जाते, कारण पैसे तिचे मोजलेले असतात, जाहिरातीत तीच दिसते आणि उभी केल्यावर मिरवतेही तीच. विद्युतशास्त्राच्या हिशेबाने मात्र ती काठी अँटेनाचा अर्धाच भाग असते. उरलेला अर्धा भाग म्हणजे तिच्या पायाशी असलेली जमीन आणि त्या जमिनीवर अंथरलेल्या वायरी; आणि तो दुकानात पूर्णपणे कधीच मिळत नाही. निवडीचा विचार या दुसऱ्या अर्ध्यापासून सुरू केला, तर पहिल्या अर्ध्यावरचा बराच खर्च आणि पुढचा बराच मनस्ताप टळतो.

हे समजण्यासाठी डायपोलपासून निघावे लागते. डायपोल म्हणजे दोन समान भुजांचा, मध्यावर केबल जोडलेला अर्ध्या तरंगलांबीचा अँटेना. त्यातली एक भुजा उभी केली आणि दुसरीच्या जागी जमीन घेतली की पाव तरंगलांबीचा उभा अँटेना तयार होतो. मार्कोनीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जमिनीला जोडलेली उभी तार वापरली, तेव्हापासून ही मांडणी मूलतः बदललेली नाही. अशा उभ्या भुजेची मीटरमधली लांबी काढण्यासाठी ७१.३ या संख्येला मेगाहर्ट्झमधल्या वारंवारतेने भागले की पुरते. १४.२ मेगाहर्ट्झला, म्हणजे २० मीटर बँडवर, ती सुमारे ५ मीटर येते, २१.२ मेगाहर्ट्झला ३.३६ मीटर, २८.४ मेगाहर्ट्झला जेमतेम अडीच मीटर, आणि ७.१ मेगाहर्ट्झला, म्हणजे ४० मीटर बँडवर, १० मीटर. वारंवारता उतरत गेली की उंची कशी वाढते हे पाहायचे असेल, तर आकाशवाणीच्या पुणे केंद्राच्या ७९२ किलोहर्ट्झ या मध्यम लहरीचा हिशेब करून पाहावा. तिथे पाव तरंगलांबीच ९० मीटरांच्या वर जाते. हौशी केंद्रचालकाला सॅकमध्ये मावेल ते घेऊन चालावे लागते, आणि त्याच्या सगळ्या तडजोडी या एका अडचणीतून निघतात.

तथापि लांबीच्याही आधी एक प्रश्न विचारायला हवा, तो म्हणजे बोलायचे कोणाशी. उभा अँटेना आपली ऊर्जा क्षितिजालगतच्या कोनांत सर्व दिशांना पसरवतो आणि थेट डोक्यावरच्या दिशेला जवळजवळ काहीच पाठवत नाही. दूरच्या संपर्कासाठी हा गुणच आहे. जमिनीपासून सुमारे ३०० किलोमीटर उंचीवरच्या आयनांबरातून परावर्तित होऊन लहर तीन हजार किलोमीटरवर उतरायची असेल, तर ती क्षितिजापासून फार थोड्या अंशांच्या कोनातच निघावी लागते. जवळच्या संपर्काला हाच गुण आडवा येतो. मुंबई आणि पुणे यांच्यातले सरळ अंतर सुमारे १२० किलोमीटर. तेवढ्या अंतरावर आयनांबरामार्गे पोहोचायचे तर लहर ७५ अंशांहूनही अधिक कोनात, म्हणजे जवळपास सरळ वर, जावी लागते. सकाळी ४० मीटर बँडवर राज्यातल्या राज्यात गप्पा मारणे एवढाच ज्याचा हेतू असेल, त्याने उभा अँटेना विकत घेऊच नये. झाडाच्या फांदीवरून किंवा पाचसहा मीटरांच्या काठीवरून टाकलेला, दोन्ही बाजूंना उतरता डायपोल त्याचे काम कितीतरी कमी पैशांत आणि कितीतरी चांगले करील. हा सल्ला विक्रेता देत नाही. पुण्याहून नागपूर म्हणजे साधारण सहाशे किलोमीटर, कोन पंचेचाळीस अंशांच्या आसपास. इथे दोन्ही प्रकार चालतात, तरी डायपोल उजवा ठरण्याचीच शक्यता अधिक. उभ्या अँटेनाचे खरे क्षेत्र २० मीटर बँड आणि त्याच्या वरचे बँड, तेही समुद्रापलीकडच्या संपर्कांसाठी. शिवाय त्याला उभे राहायला दोन हात जागा पुरते आणि झाड लागत नाही, ही सोय उघड्या सड्यावर किंवा शिखरावर लहान मानता येत नाही.

आता काठीच्या लांबीकडे. अँटेनाच्या पायाशी, जिथे केबल जोडली जाते तिथे, जो रोध दिसतो त्याचे तीन हिस्से पडतात. पहिला हिस्सा प्रारण-रोध, म्हणजे ज्या रोधात खर्ची पडलेली शक्ती प्रत्यक्षात लहरींच्या रूपाने बाहेर जाते तो. दुसरा कॉइलचा आणि तिसरा जमिनीचा; या दोहोंत खर्ची पडलेली शक्ती फक्त उष्णता निर्माण करते. पाव तरंगलांबीच्या पूर्ण काठीचा प्रारण-रोध सुमारे ३६ ओहम असतो. काठी त्याहून आखूड झाली की हा रोध लांबीच्या प्रमाणात उतरत नाही, तर स्थूलमानाने लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात कोसळतो. आखूड काठीची सगळी रडकथा या वर्गात आहे.

अडीच मीटर लांबीची एकच काठी दोन बँडांवर वापरून पाहिली की हे डोळ्यांसमोर येते. १० मीटर बँडवर ती पाव तरंगलांबीची पूर्ण काठी आहे, तिला कॉइल लागत नाही, आणि थोड्याशा वायरी अंथरून जमिनीचा रोध १० ओहमवर आणला असे धरले तर ३६ आणि १० मिळून ४६ ओहमांपैकी ३६ ओहम कामाचे ठरतात. म्हणजे रेडिओने दिलेल्या ५ वॅटांपैकी सुमारे ३.९ वॅट हवेत जातात. तीच काठी ४० मीटर बँडवर लावली तर तिचा प्रारण-रोध १.४ ओहमच्या आसपास उरतो. तिला त्या वारंवारतेवर सुरात आणण्यासाठी, म्हणजे आखूडपणामुळे आलेला धारितेचा परिणाम निरस्त करण्यासाठी, पायाशी २१ मायक्रोहेन्रीच्या आसपासची कॉइल लागते. ती चांगल्या प्रतीची असली तरी साडेचार-पाच ओहम स्वतःच खाते. जमिनीचे १० ओहम तेच धरले, तर एकूण १६ ओहमांत कामाचे दीड ओहमही भरत नाहीत आणि ५ वॅटांपैकी जेमतेम ०.४ वॅट हवेत जातो. काठी तीच, रेडिओ तोच, जमीन तीच, आणि उत्पन्न एकदशांशाच्या घरात.

याच ४० मीटर बँडवर अडीचऐवजी ५.३ मीटरची काठी घेतली तर प्रारण-रोध सहा ओहमांपर्यंत चढतो, कॉइल निम्म्याहून लहान पुरते आणि तिचा रोध दोन ओहमांवर येतो. परिणामी बाहेर पडणारी शक्ती १.७ वॅटांच्या आसपास, म्हणजे आधीच्या चौपट होते. रेडिओच्या सिग्नल-मापकावर चौपट शक्ती म्हणजे एक 'एस' अंक. पंचवीस-तीस हजारांचा अधिक शक्तीचा रेडिओ घेण्याऐवजी काठीची लांबी दुप्पट करून हाच अंक मिळत असेल, तर खरेदीचा क्रम काय असावा हे वेगळे सांगायला नको. विकत मिळणाऱ्या पोलादी टेलिस्कोपिक काठ्यांपैकी पाच मीटरांच्या आसपासच्या काठ्या मिटल्यावर साधारण पाऊण मीटरच्या होतात आणि सॅकच्या बाजूला बांधता येतात. त्या २० मीटर बँडवर कॉइलशिवाय चालतात, त्यांची लांबी कमी केली की त्याहून वरच्या सगळ्या बँडांवर पूर्ण पाव तरंगलांबीच्या होतात, आणि ४० मीटरवर कॉइल लावून निभावून नेता येतात. पहिला आणि एकमेव उभा अँटेना घेणाऱ्याने हीच लांबी धरावी, असे या हिशेबावरून स्पष्ट म्हणता येते.

कॉइल पायाशी असावी की मध्यावर, यावर बराच काथ्याकूट होतो. मध्यावर ठेवल्यास तिच्या खालच्या भागात प्रवाह जवळपास पूर्ण राहतो, त्यामुळे प्रारण-रोध वाढतो; पण त्याच जागी सुरात येण्यासाठी वेढे अधिक लागतात आणि काठीचा मध्य जड होऊन वाऱ्यात डोलू लागतो. फायदा आहे, पण तो काठी लांब करण्याच्या फायद्यापुढे किरकोळ आहे. त्यापेक्षा काठीच्या शेंड्याशी छत्रीच्या काड्यांसारख्या तीन-चार आडव्या तारा बसवणे, जिला टोपी म्हणता येईल, अधिक हिताचे ठरते, कारण तिने लागणारी कॉइलच लहान होते. कॉइल निवडताना तिच्या आतल्या तारेची जाडी, वेढ्यांमधली मोकळी जागा आणि सरकत्या स्पर्शकाची पकड पाहावी. पातळ तारेचे दाट वेढे लहानशा नळीवर बसवलेले असतील तर तिने आकारात वाचवलेले सगळे उष्णतेत गमावलेले असते. खिशात मावणारे सव्वा मीटरभराचे अँटेना हा वेगळाच प्रकार आहे. ते २० मीटर किंवा १७ मीटर बँडवर, बाकावर बसल्या बसल्या मोर्स किंवा एफटी८ सारख्या क्षीण सिग्नलांतही वाचता येणाऱ्या पद्धतीने दोन-चार संपर्क करून देतात, आणि तेवढ्यासाठीच ते घ्यावेत.

याच ठिकाणी एसडब्ल्यूआर या मापाची चिकित्सा करणे भाग आहे, कारण निवडीतल्या बहुतेक चुका त्याच्यापाशी होतात. केबल आणि अँटेना यांचे रोध जुळतात की नाही हे सांगणारे ते गुणोत्तर आहे. एकास एक असेल तर रेडिओने दिलेली शक्ती परत येत नाही. परत आली नाही म्हणजे हवेत गेली, असा अर्थ सर्रास काढला जातो आणि तो चुकीचा आहे. केबलच्या टोकाला ५० ओहमांचा साधा रोधक जोडला तरी एसडब्ल्यूआर एकास एकच दिसतो, आणि त्यातून कोणाशीही बोलता येत नाही. वरच्या अडीच मीटरच्या काठीचा हिशेब पुन्हा घेतला तर तिचा एसडब्ल्यूआर तीनास एक यायला हवा, कारण पायाशी १६ ओहमच आहेत. तीच काठी, पायाशी कोणतीही जुळवणी न करता, ४० मीटर बँडवर एकास एक दाखवत असेल तर त्याचा अर्थ एवढाच, की १.४ ओहम वगळता बाकीचे ४८ ओहमांहून अधिक कॉइलमध्ये आणि मातीत जिरत आहेत आणि कार्यक्षमता तीन टक्क्यांपर्यंतही पोहोचलेली नाही. पूर्ण पाव तरंगलांबीच्या काठीच्या बाबतीतही दोन वायरींवर एकास एक दिसणारे माप बारा वायरी अंथरल्यावर सव्वास एकपर्यंत बिघडते, आणि नवखा केंद्रचालक घाबरून वायरी गोळा करतो. वास्तविक त्या बिघाडाचा आनंद मानायला हवा. जाहिरातीत 'ट्यूनरविना संपूर्ण बँडवर कमी एसडब्ल्यूआर' असे लिहिलेले असेल आणि काठी त्या बँडच्या मानाने फारच आखूड असेल, तर ते कौतुकाचे नव्हे, संशयाचे कारण समजावे. आखूड आणि कार्यक्षम अँटेना स्वभावतः अरुंद पट्ट्यातच सुरात येतो आणि वारंवारता थोडी सरकवली की कॉइलही सरकवावी लागते.

जमिनीच्या अर्ध्याकडे आता वळता येईल. पायापासून चहूकडे, चाकाच्या आऱ्यांसारख्या अंथरलेल्या वायरींना रेडियल म्हणतात. काठीतून निघालेला प्रवाह परिपथ पूर्ण करण्यासाठी भोवतालच्या जमिनीतून पायाशी परततो. माती वाईट वाहक असल्याने त्या वाटेत शक्ती जिरते, आणि रेडियल त्या प्रवाहाला तांब्याची वाट देतात. ब्राउन, लुईस आणि एपस्टाइन या अमेरिकी अभियंत्यांनी १९३७ साली या विषयावरचे प्रयोग प्रसिद्ध केले, त्यांत ११३ पर्यंत रेडियल पुरून मोजणी केली होती, आणि मध्यम लहरींच्या प्रक्षेपण मनोऱ्यांभोवती १२० रेडियल पुरण्याची प्रथा त्या कामावर उभी राहिली. फिरत्या केंद्राला त्यातला एक भाग घेण्यासारखा आहे. वायरची एकूण लांबी ठरलेली असेल, तर जमिनीवर पसरण्यासाठी थोड्या लांब वायरींपेक्षा अधिक आखूड वायरी बऱ्या, कारण प्रवाहाची दाटी पायाजवळच सर्वाधिक असते. जमिनीवर पडलेल्या रेडियलची लांबी नेमकी पाव तरंगलांबी असण्याची गरज नसते, मातीच्या सान्निध्यात ती सुरात राहतच नाही. म्हणून तिथे फूटपट्टी घेऊन बसणे व्यर्थ आहे. पहिल्या चार रेडियलांनी सर्वांत मोठी सुधारणा होते, आठ-सोळापर्यंत ती जाणवत राहते आणि त्यापुढे सॅकच्या वजनाच्या मानाने फळ उरत नाही. विकतच्या संचात तीन किंवा चार रेडियल देतात. ते आरंभ म्हणून ठीक आहेत.

रेडियल जमिनीपासून उचलून, म्हणजे पाया तिपाईवर छाती-डोक्याइतक्या उंचीवर नेऊन, ताणले तर नियम उलटतो. आता दोन ते चार रेडियल पुरतात, मात्र ते नेमके पाव तरंगलांबीचे कापावे लागतात, कारण मातीपासून सुटलेली वायर स्वतः सुरात येते. ते खाली उतरते ठेवले की पायाचा रोध ३६ ओहमांवरून ५० च्या दिशेने चढतो, आणि हा चढ प्रारणाचा असल्याने खरा असतो. कातळावर खिळा शिरत नाही तिथे ही मांडणी विशेष उपयोगी; मात्र माणसे ये-जा करतात त्या वाटेवर गळ्याइतक्या उंचीवर बारीक वायर ताणणे धोक्याचे आहे, आणि तिच्या टोकाशी प्रक्षेपणाच्या वेळी भाजण्याइतका विद्युतदाब असतो, हे विसरू नये.

रेडियल फक्त जवळच्या जमिनीतला व्यय कमी करतात. क्षितिजालगतच्या कोनात जाणारी लहर मात्र कित्येक तरंगलांबी दूरच्या जमिनीवरून परावर्तित होऊन घडत असते, आणि तिथपर्यंत कोणाच्याही वायरी पोहोचत नाहीत. ती जमीन निवडायची असते ती केंद्राची जागा निवडतानाच. समुद्राच्या पाण्याची विद्युतवाहकता साधारण मातीच्या मानाने हजारपट असते, आणि म्हणून उभा अँटेना पाण्याच्या काठाशी उभा केला की अगदी खालच्या कोनांतली त्याची शक्ती जी वाढते ती कोणत्याही कॉइलने किंवा काठीने वाढत नाही. कोकणच्या किनाऱ्यावर पश्चिमेला मोकळा समुद्र आहे, अरबी द्वीपकल्प आणि आफ्रिका त्याच दिशेला आहेत. ओल्या पुळणीत पाण्यापासून काही पावलांवर लावलेला साधा ५ मीटरचा अँटेना घाटमाथ्यावरच्या महागड्या संचाला सहज मागे टाकू शकतो. किनाऱ्यापासून शंभर-दोनशे मीटर आत, सुरूच्या बनात, तो लाभ बहुतांशी संपतो. भरतीची वेळ पाहून बसावे, एवढी एकच अट समुद्र घालतो. सह्याद्रीच्या शिखरावर ओल कमी आणि बेसाल्टचा खडक उघडा असतो, तिथे जवळचा व्यय अधिक. त्याची भरपाई उताराने आणि शहरी गोंगाटाच्या अभावाने होते. हा गोंगाट म्हणजे एलईडी दिवे, इन्व्हर्टर, चार्जर यांतून निघणारी खरखर. उभा अँटेना ती आडव्याहून अधिक पकडतो असा सर्वसाधारण अनुभव असल्याने, इमारतीच्या गच्चीसाठी उभा अँटेना घेण्याचा बेत असेल तर आधी कोणाचा तरी उसना आणून ऐकून पाहावे.

खिळा की तिपाई हा प्रश्नही जागेनेच सुटतो. काळ्या मातीच्या शेतात खिळा सर्वांत हलका आणि भक्कम. कातळावर, फरसबंदीवर, गच्चीवर तिपाईच हवी. गडांपैकी अनेक संरक्षित स्मारके आहेत आणि त्यांच्या फरशीत, तटात किंवा बुरुजाच्या सांध्यात खिळा ठोकणे कायद्यानेही चूक आणि तसेही चूक. गडावर जाणाऱ्याने खिळ्याचा संच घेऊच नये. पाच मीटरच्या काठीला माथ्यावरचा वारा सहज आडवी करतो, त्यामुळे तिपाईचे पाय जितके पसरतील तितके बरे, आणि मध्यावर पाण्याची भरलेली बाटली टांगण्यासाठी आकडा असावा. उन्हाळ्याच्या अखेरीस वळवाचे ढग दिसू लागताच काठी मिटवावी. उघड्या माथ्यावर धातूचा दांडा उभा करून वीज ओढवून घेण्यात शौर्य नाही. विजेच्या तारांपासून काठीच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर राखावे, म्हणजे ती कोसळली तरी तारांना लागणार नाही. फिरत्या केंद्राबाबत आपल्या परवान्यात कोणत्या अटी आहेत त्या निघण्यापूर्वी वाचाव्यात आणि परवान्याची प्रत बरोबर ठेवावी, कारण उंच काठी आणि कानाला हेडफोन पाहून वनरक्षक किंवा पोलीस विचारणा करणारच.

आट्यांचा एक बारीक मुद्दा खरेदीच्या वेळी हमखास निसटतो. अमेरिकी पद्धतीच्या काठ्यांच्या बुडाशी तीन-अष्टमांश इंचाचा, इंचाला २४ आटे असलेला स्क्रू असतो. चिनी बनावटीच्या अनेक संचांत तिथे १० मिलिमीटरचा, एम-१० जातीचा स्क्रू असतो. पहिल्याचा व्यास ९.५ मिलिमीटर, दुसऱ्याचा १०. नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. पहिल्याचे आटे एका मिलिमीटरहून थोडे अधिक अंतर ठेवून असतात, दुसऱ्याचे दीड मिलिमीटरवर. दुसऱ्याची काठी पहिल्याच्या पायात घातली की एखादा वेढा फिरते, मग अडते, आणि इथे जोर लावला की पितळेचे आटे कायमचे जातात. उलट्या जोडीत काठी बसल्यासारखी वाटते, पण हलते, आणि हलत्या सांध्यात सिग्नल चढ-उतार करू लागतो. दोन निर्मात्यांचे भाग एकत्र करायचे असतील तर आधी आटे विचारावेत आणि जुळवणीचा तुकडा सोबतच मागवावा. टेलिस्कोपिक काठीच्या नळ्यांत पुळणीची वाळू शिरली की ती मिटेनाशी होते; किनाऱ्यावरून परतल्यावर ती पूर्ण उघडून, गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने पुसून, वाळवूनच मिटवावी.

केबलचेही एक सोंग असते. रेडियल अपुरे असले की कोॲक्स केबलची बाहेरची जाळी स्वतःच रेडियल बनते, तिच्यावरून प्रवाह वाहू लागतो आणि रेडिओपर्यंत येतो. एसडब्ल्यूआरचा वारंवारतेनुसार आलेख दाखवणारा ॲनालायझर जोडलेला असताना केबलला मुठीत धरून पाहावे. पडद्यावरच्या आलेखातली दरी हलली तर केबल अँटेनाचे काम करीत आहे असे समजावे. उपाय म्हणून पायाशीच फेराइटच्या कड्यावर केबलचे दहा-बारा वेढे घेतात, त्याला चोक म्हणतात. चोक लावल्यावर एसडब्ल्यूआर एकदम बिघडला तर दोष चोकचा नसतो. आतापर्यंत केबलने झाकलेली रेडियलांची उणीव उघडी पडलेली असते. काही स्वस्त संचांत रेडियलच नसतात आणि तरीही ते चालतात, त्याचे गुपित हेच आहे.

कोणताही संच विकत न घेण्याचा मार्गही खुला आहे, आणि ज्याला वजन फार वाहायचे नाही किंवा ज्याचा मुख्य बँड ४० मीटर आहे त्याच्यासाठी तो बहुधा सर्वोत्तम ठरतो. दहा मीटरांची, एकात एक मिटणारी फायबरग्लासची काठी घ्यावी आणि तिच्या आधाराने वायर उभी करावी. काठी केवळ आधार, अँटेना ती वायर. कार्बन फायबरच्या गळाच्या काठ्या हलक्या आणि मोहक असतात, पण कार्बन विद्युतवाहक असल्याने त्या इथे निरुपयोगी आहेत. अशा काठीवर ४० मीटर बँडची पूर्ण पाव तरंगलांबी कॉइलशिवाय उभी राहते. तीच उंची २० मीटर बँडवर अर्धी तरंगलांबी होते, तेव्हा ती टोकाशी ४९ पट रोध-बदल करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने जोडली की रेडियलांची गरज फार थोडी उरते. उभारायला धातूच्या काठीपेक्षा पाच-दहा मिनिटे अधिक लागतात, ताणाचे तीन दोर लागतात, आणि वाऱ्यात शेंडा वाकतो. एवढेच तिचे उणे.

घेतलेला अँटेना कसा आहे हे ठरवण्यासाठी संपर्कांच्या संख्येवर विसंबू नये, कारण ती दिवसागणिक आयनांबराच्या लहरीवर बदलते. नोबेल पारितोषिक मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ आणि हौशी केंद्रचालक जो टेलर यांनी २००८ साली प्रसारित केलेली डब्ल्यूएसपीआर ही पद्धत या कामाला उत्तम आहे. तीत सुमारे दोन मिनिटांचे अत्यल्प शक्तीचे प्रक्षेपण केले जाते आणि जगभरची केंद्रे ते किती जोराने ऐकू आले याची नोंद आपोआप करतात. एकाच जागी दोन अँटेना आलटून पालटून जोडून दोन तास हे चालवले आणि त्याच त्या दूरच्या केंद्रांच्या नोंदी शेजारी शेजारी मांडल्या, की फरक डेसिबलमध्ये दिसतो. हीच चाचणी आधी चार आणि मग सोळा रेडियलांवर घ्यावी.

त्या सोळा रेडियलांसाठी खास वायर शोधण्याची गरज नाही. घराच्या वायरिंगची एक चौरस मिलिमीटरची वायर इलेक्ट्रिकच्या दुकानात ९० मीटरांच्या बंडलात मिळते. तिचे पाच-पाच मीटरचे सोळा तुकडे केले की ८० मीटर संपतात. त्यातल्या तांब्याचेच वजन पाऊण किलोच्या जवळ जाते, म्हणून डोंगर चढणाऱ्याने त्याहून बारीक वायर घ्यावी. गाडीने किनाऱ्यावर जाणाऱ्याला हीच चालेल. बंडलात उरलेले १० मीटर टाकून देऊ नयेत, कारण ४० मीटर बँडची पाव तरंगलांबी नेमकी तेवढीच असते. फायबरग्लासच्या काठीवर उभी करण्यासाठी ती पूर्ण लांबीनेच बांधावी आणि ॲनालायझरकडे पाहत टोकाकडून थोडी थोडी कापत आणावी. प्लॅस्टिकचे वेष्टण असलेली वायर उघड्या तारेपेक्षा किंचित आखूड असतानाच सुरात येते.